लोकाध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे पहिले सहा अध्यक्ष व्हर्जिनिया व मॅसॅच्युसेट्स ह्या दोन जुन्या संस्थानांतील होते. सातवा अध्यक्ष मात्र अरण्याच्या सीमेवरील एका गरीब घरांत जन्मला. त्याच्या चरित्रांत लोकसत्तेचा उदय जसा दिसतो, तसेच तिचे दोषही दिसतात.

अँड्र्यू जॅक्सन ह्याचा जन्म १५ मार्च १७६७ रोजीं उत्तर व दक्षिण कॅरोलायना ह्यांच्या सीमेवर वॅक्सहॉ येथें झाला. पिता त्याच्या जन्मापूर्वींच वारला होता. स्वातंत्र्ययुद्ध चालू असतां १७८१ मध्यें तो इंग्रजांच्या हातीं सांपडला. एका अधिकाऱ्यानें त्यास आपले बूट साफ करण्याचा हुकूम केला. मुलानें तो साफ नाकारला, तेव्हां त्या अधिकाऱ्यानें तरवारीचा वार केला. त्याचे व्रण जॅक्सनच्या अंगावर जन्मभर राहिले. त्याच वर्षीं भाऊ व आई दोघेंही मरण पावलीं, आणि चौदा वर्षांचा हा मुलगा पोरका झाला.

तथापि त्यानें धीर सोडला नाहीं. कायद्याचा अभ्यास करून तो वकील झाला, टेनेसी संस्थानांत न्यायाधीश झाला आणि पुढें सेनापति झाला. ८ जानेवारी १८१५ रोजीं न्यू ऑर्लिअन्स येथें त्यानें इंग्रज सैन्याचा मोठा पराभव केला व तो राष्ट्राचा लाडका वीर ठरला.

इ. स. १८२४ च्या निवडणुकींत चार उमेदवारांपैकीं त्यास सर्वांत अधिक मतें मिळालीं. परंतु आवश्यक तें बहुमत कोणासच नसल्यामुळें निवड प्रतिनिधिसभेकडे गेली. हेन्री क्ले ह्यानें आपलें वजन जॉन क्विन्सी ॲडम्सच्या पारड्यांत टाकलें. ॲडम्स अध्यक्ष झाला, आणि त्यानें क्ले ह्यास परराष्ट्रमंत्री नेमलें. हा पदाचा सौदा आहे, असा जॅक्सनच्या पक्षानें गिल्ला केला. ह्याच सुमारास बहुतेक संस्थानांनीं गोऱ्या पुरुषांच्या मताधिकारावरील मालमत्तेची अट काढून टाकली होती. १८२८ मध्यें जॅक्सन १७८ विरुद्ध ८३ मतांनीं निवडून आला. ४ मार्च १८२९ रोजीं अध्यक्षाच्या वाड्यांत लोकांची इतकी झुंबड उडाली कीं, भांडीं फुटलीं व खुद्द अध्यक्षास बाहेर निघून जावें लागलें.

सरकारी काम कोणाही समंजस मनुष्यास जमण्याजोगें आहे, आणि एकाच जागीं फार काळ राहिलेला अधिकारी ती जागा स्वतःची जहागीर समजूं लागतो, असें जॅक्सनचें मत होतें. त्यांत तथ्य होतें. परंतु रिकाम्या झालेल्या जागा पक्षासाठीं राबणाऱ्यांस बक्षीस म्हणून मिळूं लागल्या. ज्या सौद्याबद्दल तो ॲडम्सला दोष देत होता, त्याचीच आतां रीत पडली. मित्रांनीं बजावलें असतांही त्यानें सॅम्युएल स्वार्टवौट ह्यास न्यू यॉर्क बंदराचा जकात-अधिकारी नेमलें. त्याच्या हिशेबांत सुमारे बारा लाख डॉलरांची तूट निघाली, आणि १८३८ मध्यें तो युरोपांत पळाला.

शिवाय जॅक्सनच्या लोकसत्तेंत सर्व लोक नव्हते. तो स्वतः गुलामांचा धनी होता. १८३० च्या कायद्यानें त्यानें मूळच्या रहिवाशांस मिसिसिपीपलीकडे घालविण्याचें धोरण चालविलें. त्यापायीं १८३८-३९ मध्यें चेरोकी लोकांची जी सक्तीची रवानगी झाली, तींत सुमारे चार हजार जीव गेले असावेत.

८ जून १८४५ रोजीं जॅक्सन मरण पावला, पण बक्षिसी नेमणुकांची प्रथा मागें राहिली. १८८१ मध्यें नोकरी न मिळाल्यानें चिडलेल्या एका माणसानें अध्यक्ष गारफील्ड ह्यांजवर गोळ्या झाडल्या; त्या जखमांनीं त्यांचा अंत झाला. तेव्हां राष्ट्राचे डोळे उघडले, आणि १८८३ च्या कायद्यानें कांहीं सरकारी जागांसाठीं परीक्षा सुरू झाल्या.

गरिबाच्या मुलास राष्ट्राचें सर्वोच्च पद मोकळें असावें, हें जॅक्सनच्या उदयानें सिद्ध केलें. परंतु तें पद मिळाल्यावर अधिकार मित्रांत वांटावयाचा नसतो, तो सर्वांची ठेव म्हणून सांभाळावयाचा असतो, हा धडा त्याच्या देशास अर्ध्या शतकानंतर, फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला. विद्यार्थिमित्रांनीं त्याचे दोन्ही भाग लक्षांत ठेवावेत.