प्लेगच्या लशीचे जनक : वाल्डेमार हाफकिन

परळच्या रस्त्याने जाताना हाफकिन संस्थेची जुनी वास्तू आमच्या अनेक ज्ञातिबांधवांच्या दृष्टीस पडली असेल. परंतु ज्या पुरुषाचे नाव त्या संस्थेस दिलेले आहे, त्याचे चरित्र फारच थोड्यांस ठाऊक असते. आमच्या लहानपणी घरातील वृद्ध मंडळी प्लेगच्या सालावरून काळ मोजीत, आणि गाव सोडून शेतातील झोपड्यांत राहिल्याच्या हकीकती सांगत. त्या भीषण काळी ज्याने आपली विद्या आणि प्रसंगी आपला देहही पणास लावला, त्या परदेशी पुरुषाची ओळख वाचकांस करून द्यावी, एवढाच आमचा हेतू आहे.

हाफकिन यांचा जन्म 1860 साली रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात त्यांस मेच्निकोव्ह यांच्यासारखा थोर गुरू लाभला. शरीरात बाहेरून काही शिरले की काही पेशी त्याच्यावर धावून जातात व त्यास गिळून टाकतात, हा महत्त्वाचा शोध याच गुरूंनी 1882 साली लावला. तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात काटा टोचून त्यांनी ही गोष्ट सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिली. रोग होणे म्हणजे जंतू आणि शरीर यांमधील युद्ध होय, हा विचार हाफकिन यांस अशा रीतीने गुरुगृहीच मिळाला.

त्या काळी रशियात ज्यू लोकांवर हल्ले होत. आपल्या समाजाच्या रक्षणार्थ पुढे झाल्यामुळे तरुण हाफकिन यांस अटक झाली; ती गुरूंच्या खटपटीने सुटली. धर्म बदलल्यास अध्यापकाची जागा मिळण्यासारखी होती, परंतु त्यांनी तो मार्ग नाकारला. 1888 साली ते जिनिव्हास व पुढच्या वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. तेथे प्रथम त्यांस ग्रंथपालाचे काम मिळाले. फावल्या वेळात प्रयोग करून त्यांनी पटकीवर लस तयार केली आणि 18 जुलै 1892 रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. 1893 साली ते हिंदुस्थानात आले आणि उत्तर हिंदुस्थान व कलकत्त्यातील वस्त्यांत हिंडून त्यांनी हजारो लोकांस ती लस टोचली.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग प्रकटला. तो प्रथम ओळखला तो मूळच्या गोमंतकीय डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. ऑक्टोबरात हाफकिन मुंबईस येऊन दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली व एक व्हरांडा, एवढीच त्यांची प्रयोगशाळा.

येथे प्लेगचा जंतू काय करतो हे समजून घेणे अगत्याचे आहे. उंदरावरील पिसू माणसास चावली की हा जंतू कातडीखाली शिरतो व जवळच्या लसिकाग्रंथीत जातो. म्हणून जांघेत किंवा काखेत गाठ येते. एरवी पांढऱ्या पेशी शत्रूस गिळून टाकतात. पण हा जंतू त्यांच्यातच विषारी द्रव्ये घुसवून त्यांस निकामी करतो. पहारेकरीच लुळे पडल्यावर तो रक्तात व फुप्फुसांत पसरतो. शरीरापाशी नेमके उत्तर असते. जंतूस ओळखून जखडणारी प्रतिपिंडे काही पेशी तयार करतात. परंतु अनोळखी शत्रूविरुद्ध ती पुरेशी तयार होण्यास दिवस लागतात, आणि प्लेग तितकी उसंत देत नाही.

ही उसंत आधीच मिळवून देणे हेच लशीचे काम. हाफकिन यांनी मांसाच्या रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या थेंबांखाली जंतूंचे लोंबते पुंजके वाढत. ते वाढले की उष्णता देऊन मारावयाचे. मेलेला जंतू रोग करू शकत नाही, पण शरीर त्याचे रूप ओळखून घेते व पुढे त्याची आठवण ठेवते. टोचल्यावर येणारा ताप व सूज ही त्या तयारीचीच खूण.

10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन यांनी ही लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या. त्या सोसून ते कामास लागले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तेथील राजीखुशीने तयार झालेल्या कैद्यांस लस देण्यात आली. टोचण्याच्या दिवशीच ज्यांस रोग जडलेला होता ते 3 कैदी मरण पावले. पुढे लस न घेतलेल्यांपैकी 12 जणांस प्लेग होऊन 6 दगावले. लस घेतलेल्यांपैकी 2 जणांस झाला व दोघेही वाचले.

तरीही लोक सुईस भीत. तेव्हा आगाखानांनी आपल्या खोजा समाजासमोर स्वतः लस टोचून घेतली आणि हजारो खोजांनी त्यांचे अनुकरण केले. ज्ञातीच्या पुढाऱ्याचे कर्तव्य कोणते, याचा हा वस्तुपाठच होय. 1899 साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्रयोगशाळा थाटली गेली.

मग घात झाला. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी 107 जणांस लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने मृत्यू पावले. धनुर्वाताचा जंतू मातीत असतो. तो शिरला तेथेच राहतो, पण त्याचे विष मज्जातंतूंस ग्रासते. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला व हाफकिन यांस कामावरून दूर करण्यात आले. वस्तुतः ती बाटली उघडताना गावातील मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरता निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला होता. जंतू मुंबईतच शिरले असते तर इतक्या दिवसांत बाटलीस दुर्गंधी आली असती. ती आली नव्हती. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हा अन्याय जगापुढे मांडला, तेव्हा 1907 साली हाफकिन निर्दोष ठरले. ते पुन्हा हिंदुस्थानात आले, पण मुंबईची जागा भरली गेली होती. कलकत्त्यास काम करून ते निवृत्त झाले आणि 26 ऑक्टोबर 1930 रोजी लोझान येथे निवर्तले. ते अविवाहित होते. आपली मिळकत त्यांनी ज्यू धर्मशिक्षणासाठी ठेवली.

त्यांची लस परिपूर्ण नव्हती. तिचे संरक्षण काही महिनेच टिके. आज प्लेगवर प्रतिजैविक औषधे आहेत. परंतु 1897 ते 1925 या काळात मुंबईहून 2 कोटी 60 लाखांहून अधिक मात्रा रवाना झाल्या, तेव्हा दुसरा आधार नव्हता. 1925 साली प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले, ही त्यांच्या हयातीतच झालेली भरपाई म्हणावयाची.

या चरित्रापासून आम्ही दोन गोष्टी शिकाव्या. लोकांस सांगण्यापूर्वी आपण स्वतः करावे, ही पहिली. आणि संकट ओढवताच दोषी कोण हे ठरविण्याची घाई करू नये, ही दुसरी. कारण मुल्कोवालच्या एका पडलेल्या चिमट्याने एका निरपराध पुरुषाची ऐन उमेदीची वर्षे हिरावून घेतली. आमच्या ज्ञातीतील तरुण-तरुणींनी परळहून जाताना त्या वास्तूसमोर क्षणभर थांबावे, एवढीच विनंती.