भाऊसाहेब आणि आमचा नकाशा

अकोल्यात जुन्या शहरातल्या टपरीवर आमचं नेहमीचं ठरलेलं: अमेरिकन लोकांना भारत नकाशावर सापडत नाही, आणि आपल्या खेड्यातल्या माणसाला जगातलं काही ठाऊक नसतं. मला मात्र भाऊसाहेब, म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुख आठवतात. जन्म १८९८, पापळच्या शेतकरी घरात. विलायतेत बॅरिस्टर झाले. डॉक्टरेटही तिकडचीच, विषय वेदवाङ्मयातील धर्म! म्हणजे तिकडे आपल्याबद्दल जाणणारे होते की. केंद्रात कृषिमंत्री असताना १९५९ साली दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले, त्याला अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर आले. आपल्या शेतकऱ्याने जगाची शेती पाहावी, हा त्यांचा हट्ट. १९६५ साली ते गेले. १९६९ साली अकोल्यात त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ झाले.

परवा टपरीवर विचारलं, पापळ कोणत्या तालुक्यात? सगळे गप्प. मलाही नकाशाच पाहावा लागला: नांदगाव खंडेश्वर.