चांदबीबी : एकच आरोप, दोन वेळा

शिर्डीहून राहुरीमार्गे नगरला सहल नेली की आम्ही मुलांना पाथर्डी रस्त्यावरच्या डोंगरावर हमखास नेतो. वर ती अष्टकोनी, तीन मजली दगडी इमारत आहे. सगळे तिला चांदबीबी महाल म्हणतात. खरं तर ती निजामशाहीचा वजीर सलाबत खान याची कबर. चांदबीबीचा तिच्याशी काही संबंध नाही, पण लोकांच्या तोंडी नाव तिचंच राहिलं. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं. अहिल्याबाईही राज्य चालवणारीच बाई.)

चांदबीबीची गोष्ट आपण मुलींना सांगतो ती तलवारीची. त्यामागची दरबारी गोष्ट मात्र राहून जाते, आणि ती तिच्या आईपासून सुरू होते.

वडील हुसेन निजामशाह 1565 मध्ये वारले. मुलगा मुर्तजा लहान, म्हणून आई खुंजा हुमायूं कारभार बघू लागली. दरबार भरवायची, मोहिमेवरही जायची. तिने भावांना मोठी पदं दिली, त्यामुळे सरदार नाराज झाले, हे खरंच आहे. पण मुर्तजाने 1569 च्या सुमारास तिला नुसतं हटवलं नाही, कैदेत टाकलं. हुसेनशाहाच्या स्तुतीसाठी लिहिलेलं ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ हे सचित्र हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यातल्या चित्रांत बादशाहाशेजारी बेगम बसलेली होती. पुढे बहुतेक चित्रांतून तिची आकृती पुसून टाकली गेली. बादशाह तिथेच आहे, त्याच्या शेजारी मात्र नुसता डाग. सत्ता एका मुठीत आली की बाई आधी कुठून गायब होते, हे मुलांना समजावायला आम्हाला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

चांदबीबी तेव्हा विजापुरात होती. तिचा निकाह अली आदिलशाहाशी झाला, सोलापूरचा किल्ला तिच्या जहेजमध्ये गेला. अरबी, फारसी, तुर्की, शिवाय मराठी आणि कानडीही तिला येत असे. नवऱ्याबरोबर ती घोड्यावर फिरायची. 1580 मध्ये अलीचा खून झाला आणि नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहीम तख्तावर बसला. त्याची देखभाल चांदबीबीकडे आली.

मग कारभाऱ्यांची रांग लागली. आधी कामिल खान, त्याला काढून किश्वर खान. या किश्वर खानाला सगळी हुकूमत एकट्याला हवी होती. त्याने मुस्तफा खान या जुन्या सरदाराला मारवलं आणि चांदबीबीवर आरोप ठेवला, की ती नगरच्या भावाला विजापूरवर चालून यायला सांगते आहे. माहेर नगरचं, तेवढाच पुरावा! तिला साताऱ्याच्या किल्ल्यात डांबलं. पण शहर आणि फौज दोन्ही त्याच्या विरोधात गेले, त्याला पळावं लागलं. हबशी सरदारांनी चांदबीबीला सोडवून परत आणलं. ती पुढे माहेरी नगरला आली.

1595 साली नगरच्या तख्तावर कोण, यावरून सरदार आपसात भांडत होते. त्यातल्या मियां मंजूने तर मोगल शहजादा मुरादलाच मदतीला बोलावलं. मुराद आला, किल्ल्याला वेढा पडला, आणि बोलावणारा बाहेर निघून गेला. किल्ला चांदबीबीने हाती घेतला आणि लहानग्या बहादूरला बादशाह जाहीर केलं. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. त्यांच्याच छावणीतल्या एकाने ही खबर आत कळवली. काही सुरुंग निकामी केले, पण फेब्रुवारी 1596 मध्ये एक उडाला आणि तटाचा सुमारे दीडशे फूट भाग कोसळला. चेहऱ्यावर नकाब, अंगावर चिलखत, हातात उघडी तलवार अशी ती त्या खिंडारात उभी राहिली. पळणारे परत फिरले. संध्याकाळपर्यंत लढाई चालली आणि रात्रीत तट पुन्हा उभा राहिला. गोळे संपल्यावर तिने तोफेत सोन्याचांदीची नाणी भरली, असं लोक सांगतात. मुरादला तह करावा लागला. वऱ्हाड गेलं, नगर वाचलं.

त्या दिवसापासून सगळे तिला चांद सुलताना म्हणू लागले. मात्र तिने नेमलेला कारभारी महंमद खान वर्षभरात स्वतःच मालक व्हायला निघाला. त्याच्यानंतरच्या नेहंग खानाचंही तेच. त्याने तर तिच्याच किल्ल्याला वेढा घातला. तटावर लढणारी बाई या लोकांना चालत होती, हुकूम देणारी नको होती. आज अफगाणिस्तानात 2021 पासून मुलींना सहावीच्या पुढे शाळा नाही, तेव्हा दीनचं नाव पुढे केलं जातं. चांदबीबीच्या वेळी वतनाचं नाव पुढे केलं. दोन्हीकडे कारण मात्र सत्तेचंच दिसतं.

1600 मध्ये शहजादा दानियाल आणि खानखानान मोठी फौज घेऊन आले. या वेळी किल्ला टिकणार नाही हे तिने ओळखलं. बहादूरचा जीव राखून त्याला घेऊन जुन्नरला निघून जायचं आणि किल्ला बोलणी करून सोडायचा, असा तिचा विचार होता. आमच्या मते तो घाबरटपणा नव्हता. हाच तट एकदा पडताना तिने स्वतः पाहिला होता. हा सल्ला तिने हमीद खान नावाच्या अधिकाऱ्याशी केला. तो थेट रस्त्यावर गेला आणि सुलताना मोगलांना मिळाली म्हणून ओरडत सुटला. साताऱ्याला धाडताना झाला होता तोच आरोप, वीस वर्षांनी पुन्हा. चार वर्षांपूर्वी याच खिंडारात तिच्यामागे माणसं उभी राहिली होती. आता जमाव तिच्या महालात घुसला आणि तिला ठार केलं.

ऑगस्ट 1600 मध्ये किल्ला पडला. मोगलांनी सुरुंगांनी तट उडवला आणि आतल्या शिबंदीची कत्तल केली. लहान बहादूर ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत गेला. जुन्नरला तो कधी पोहोचलाच नाही.