चिक चॉकलेट आणि वादकाचा मोबदला

भगवान यांचा ‘अलबेला’ (१९५१) ज्यांनी पाहिला, त्यांना नायक-नायिकेमागे झालरीचे पोशाख घालून वाजविणारा वाद्यवृंद आठवत असेल. तो चिक चॉकलेट यांचा. बार्देशातील हळदोणे गावी १९१६ साली जन्मलेल्या या ट्रंपेटवादकाचे खरे नाव आंतोनियो झेवियर वाझ.

गोव्यात चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलिपी शिकविली जाई. गावात पोट भरेना, तेव्हा हीच विद्या घेऊन कित्येक तरुण मुंबईस आले. लुई आर्मस्ट्राँग यांचा आदर्श मानणाऱ्या चिक यांनी ताजमहाल हॉटेल गाजविले, जाझच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. पुढे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने हॉटेलांतील या व्यवसायाला ओहोटी लागली. (नैतिक हेतूंच्या कायद्यांचे आर्थिक परिणाम असे भलतीकडेच उमटतात.)

चित्रपटसृष्टीने मात्र या कलावंतांना आसरा दिला. पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांना पाश्चात्त्य ठेक्याची ओढ होती. चिक त्यांचे सहायक झाले. ‘नादान’ (१९५१) सारख्या चित्रपटांना त्यांनी स्वतंत्रपणेही संगीत दिले.

तरीही त्या व्यवसायाचा हिशेब विषमच होता. वादकाला मिळे तो ध्वनिमुद्रणापुरता मोबदला. तबकडी वर्षानुवर्षे खपली तरी त्या उत्पन्नात त्याचा वाटा नसे आणि तबकडीवर बहुधा त्याचे नावही नसे. चिक यांचे नाव निदान श्रेयनामावलीत आले, चेहरा पडद्यावर दिसला. त्यांच्या शेजारी बसून वाजविणाऱ्या कितीतरी जणांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. १९६७ साली, ऐन पन्नाशीत, चिक निवर्तले.