हेन्री पिडिंग्टन

भूगोलाच्या पुस्तकात ‘सायक्लोन’ हा शब्द आपण नेहमी वाचतो. परंतु तो घडविणारा गृहस्थ कोण, हे फार थोड्यांस ठाऊक असेल. तो कोणी विद्यापीठातील पंडित नव्हता, उमेदीची वर्षे समुद्रावर घालविलेला एक कप्तान होता.

हेन्री पिडिंग्टन यांचा जन्म १७९७ साली इंग्लंडात झाला. व्यापारी जहाजांवरील नोकरी सोडून ते कलकत्त्यास स्थायिक झाले. १८३८ साली विल्यम रीड यांचा वादळांवरील ग्रंथ निघाला आणि पिडिंग्टन यांस या विषयाचा ध्यासच लागला. बंगालच्या उपसागरात वादळ होऊन गेले की, ते जहाजांच्या रोजनिश्या मिळवीत आणि कोणत्या घटकेस वारा कोणीकडचा होता, पारा किती उतरला, हे नकाशावर मांडीत. काम मोठे किचकट. पण वारा मध्याभोवती चक्राकार फिरतो, हे त्यातूनच त्यांस पटले. १८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी सर्पाच्या वेटोळ्याच्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव योजिले. पुस्तकासोबत शिंगाच्या पारदर्शक चकत्या असत. त्या नकाशावर ठेवून वादळाचा मध्य कोठे आहे, हे नाविकास ताडता येई. आमच्या मते हीच त्यांची खरी थोरवी.

वादळ बळावते कशाने, हे मात्र पुढे उलगडले. सुमारे २६ अंशांहून उष्ण अशा समुद्रावरील दमट हवा वर चढते, तिच्यातील वाफेचे पाणी होताना उष्णता सुटते, मध्याचा वायुभार उतरतो, आणि भोवतालची हवा आत धावते. पण खालचा वारा एकीकडे व वरचा भलतीकडे जोराने वाहू लागला, की ढगांचा हा मनोरा कलतो. उष्णता मध्यावर न साठता विखुरते. ऐन पावसाळ्यात उपसागरावर खाली नैर्ऋत्येचा आणि उंचावर पूर्वेचा जोरदार वारा असतो. म्हणूनच तेथील मोठी चक्रीवादळे बहुधा पावसाळ्याच्या आधी किंवा नंतर येतात.

मातला नदीवर नवे बंदर बांधण्याचा बेत निघाला, तेव्हा १८५३ साली पिडिंग्टन यांनी गव्हर्नर जनरल डलहौसी यांस जाहीर पत्र लिहून बजाविले, की वादळाची लाट एके दिवशी तेथवर चढेल. कोणी ऐकले नाही. १८५८ साली कलकत्त्यास ते वारले. पोर्ट कॅनिंग उभे राहिले, रेल्वेही तेथवर गेली. आणि १८६७ च्या नोव्हेंबरात वादळाच्या लाटेने त्या बंदराची दैना केली. पुढे थोड्याच वर्षांत ते सोडून द्यावे लागले.