साडीवर दिसणाऱ्या ठिपक्यांच्या हरणामागं जनगढ सिंह श्याम नावाचा माणूस होता

अंगभर ठिपके, बारीक रेघा आणि शिंगांतून थेट झाड फुटलेलं रंगीत हरीण. साडीवर, मोबाईलच्या कव्हरवर नाहीतर एखाद्या भिंतीवर तुम्ही ते पाहिलंच असेल. गोंडांची हजारो वर्षं जुनी चित्रकला म्हणून ते विकलं जातं. पण या रूपात ते कागदावर आलं १९८१ नंतर. आणणारा होता विशीतला एक पोरगा.

अमरावतीकर परतवाड्यावरून आणि अकोलेकर अकोटवरून वर चढले की मेळघाट लागतो. इथं कोरकूंच्या सोबतीनं गोंडांचीही घरं आहेत. हाच सातपुडा पूर्वेला मध्य प्रदेशात मैकलच्या डोंगरांपर्यंत जातो. तिथं, आजच्या दिंडोरी जिल्ह्यात, पाटणगढ नावाचं गाव आहे. जनगढ सिंह श्याम इथले.

घर परधानांचं. आपल्या यवतमाळ, चंद्रपूरकडं पण परधान आहेत. परधान म्हणजे गोंडांचे गायक. बाना हे तंतुवाद्य वाजवून बडा देवाला जागं करायचं, यजमानाच्या पूर्वजांच्या कथा गायच्या आणि बदल्यात मिळेल त्या धान्यावर, गुरांवर घर चालवायचं. पण यजमानच गरीब झाले तशी गाणी कमी झाली. जनगढनं शाळा सोडली, म्हशी राखल्या, मजुरी केली. हौस एकच, मातीच्या भिंतीवर चित्रं काढायची.

त्याच वेळी भोपाळमध्ये भारत भवन उभं राहत होतं. तिथल्या कलासंग्रहालयाची जबाबदारी चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांच्याकडं होती. आदिवासी कलाकाराचं काम शहरी चित्रकाराच्या शेजारी, त्याच मानानं लागलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. त्यांनी तरुण मुलांना गावोगाव पाठवलं. १९८१ साली यातलीच काही मुलं पाटणगढला पोहोचली आणि एका घराच्या भिंतीवरचं चित्र बघून थबकली.

जनगढ भोपाळला आले. तोवर माहीत होते ते मातीचे रंग. समोर पोस्टर कलरच्या बाटल्या आल्या. तो भडक रंग पहिल्यांदा कुंचल्यावर घेतला तेव्हा अंगातून थरथर गेल्याचं ते पुढं सांगायचे.

मग त्यांनी एक अवघड गोष्ट केली. परधानांचे देव गाण्यात होते, त्यांचे चेहरे कुणी काढलेले नव्हते. जनगढनी त्यांना रूप दिलं. सोबत वाघ, मगर, घुबड, साप, मोर आणि हरणं आली. बायकांच्या अंगावरच्या गोंदणासारखे ठिपके आणि रेघा त्यांनी जनावरांच्या अंगात भरल्या. कागदावरचं हरीण जागेवर उभं असलं तरी आतून हलतंय असं वाटायला लागलं.

१९८६ मध्ये मध्य प्रदेश सरकारचा शिखर सन्मान मिळाला. १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू सेंटरमधल्या गाजलेल्या जागतिक प्रदर्शनात चित्रं लागली. आपल्या वारली चित्रकलेचे जिव्या सोमा म्हसे पण त्याच प्रदर्शनात होते. चार्ल्स कोरिया यांनी बांधलेल्या भोपाळच्या विधानभवनाच्या भिंतीही जनगढनी रंगवल्या.

नाव झालं तसं त्यांनी गावाकडची, नात्यातली पोरं भोपाळला आणली. घरात ठेवून घेतलं, हातात कुंचला दिला. ज्या घरांत गाणं बंद पडत चाललं होतं, तिथं चित्रावर चूल पेटायला लागली.

२००१ साली ते जपानच्या निगाता भागातल्या मिथिला म्युझियममध्ये काम करायला गेले. मुक्काम लांबला आणि जुलै महिन्यात तिथंच त्यांनी आत्महत्या केली. वय जेमतेम चाळीस. परदेशात एकट्या पडलेल्या आदिवासी कलाकाराला किती मोबदला मिळतो, त्याच्या परतीची काळजी कोण घेतं, असे प्रश्न घेऊन देशभरातले कलाकार पुढं आले. चौकशीची मागणी झाली. ते प्रश्न आजही संपलेले नाहीत.

पण त्यांनी लावलेलं झाड वाढतच गेलं. पुतणे भज्जू श्याम यांना २०१८ मध्ये, तर नात्यातल्या दुर्गाबाई व्याम यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यावरचं ‘भीमायन’ हे चित्रपुस्तक केलं, त्यातली आगगाडी सापासारखी वळत जाते.

जाणकार या शैलीला ‘जनगढ कलम’ म्हणतात. बाजारात मात्र ती नुसती गोंड पेंटिंग म्हणून खपते आणि ज्यानं ते हरीण पहिल्यांदा कागदावर उभं केलं, त्याचं नाव पाकिटावर कुठंच नसतं.