डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग : कार्यपद्धतीचे चिकित्सक

सॉफ्टवेअरमध्ये दोष आढळला की चूक कोणाची, याचा शोध सुरू होतो. हा शोध बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणी घेतला जातो, असे अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ विल्यम एडवर्ड्स डेमिंग आयुष्यभर सांगत राहिले. सॉफ्टवेअर हे त्यांचे क्षेत्र नव्हते. तरीही त्या उद्योगातील गुणवत्ता व्यवस्थापनाची मुळे त्यांच्याच विचारांत सापडतात.

आयोवा राज्यातील सू सिटी येथे १४ ऑक्टोबर १९०० रोजी त्यांचा जन्म झाला. बालपण वायोमिंगमधील पॉवेल या नव्याने वसलेल्या गावात, हलाखीत गेले. पडेल ते काम करीत त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि १९२८ मध्ये येल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. विद्यार्थिदशेत दोन उन्हाळे त्यांनी शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात काम केले. दूरध्वनीची उपकरणे बनवणारा हा कारखाना वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा होता. याच कंपनीतील वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ मध्ये उत्पादनातील चढउतार टिपणारा नियंत्रण आलेख तयार केला होता. पुढे श्यूहार्ट हेच डेमिंग यांचे मार्गदर्शक ठरले.

प्रत्येक कामात थोडाफार फरक पडतच असतो. त्यातला काही फरक एखाद्या विशिष्ट कारणाने पडतो; मात्र बहुतांश फरक कामाच्या रचनेतच दडलेला असतो, हे श्यूहार्ट यांचे सूत्र डेमिंग यांनी पुढे नेले. रचना ठरवण्याचा अधिकार व्यवस्थापनाचा, म्हणून तिच्यातील दोषांचे दायित्वही व्यवस्थापनाचेच, हा त्यांचा निष्कर्ष होता.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने या तंत्राचा लाभ घेतला. शांतता येताच कारखानदारांना त्याचा विसर पडला. जपानने मात्र ते आपलेसे केले. जुलै १९५० मध्ये तेथील वैज्ञानिक व अभियंता संघाच्या निमंत्रणावरून डेमिंग यांनी अभियंत्यांना शिकवले आणि उद्योगपतींनाही चार गोष्टी सुनावल्या. व्याख्यानांच्या पुस्तकाचे मानधन त्यांनी नाकारले. त्या रकमेतून १९५१ मध्ये डेमिंग पारितोषिक सुरू झाले.

व्याख्यानांत ते एक साधा प्रयोग करून दाखवीत. पेटीत पांढरे मणी आणि त्यांत पाचवा हिस्सा लाल. श्रोत्यांमधून निवडलेल्या ‘कामगारां’नी पन्नास खळग्यांच्या फळीने न बघता मणी उचलायचे, लाल मणी म्हणजे सदोष माल. मुकादमाच्या भूमिकेतील डेमिंग कोणाला शाबासकी देत, कोणाला दटावत, कोणाला कामावरून काढत. लाल मणी तरीही येतच राहत, कारण ते पेटीतच होते.

मायदेशाने त्यांची दखल घेतली ती १९८० मध्ये, एनबीसी वाहिनीच्या एका माहितीपटानंतर. तेव्हा ते ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. पुढच्याच वर्षी फोर्ड कंपनीने त्यांना सल्ल्यासाठी बोलावले. वाहनांबद्दल बोलणे होईल या अपेक्षेत असलेल्या अधिकाऱ्यांना त्यांनी व्यवस्थापनाबद्दल प्रश्न विचारले. अखेरच्या तपासणीवर विसंबू नका, मनातील भीती घालवा, वार्षिक गुणांकनाने माणसांची क्रमवारी लावू नका, हा त्यांचा आग्रह होता. भीती असते तेथे दोष लपवले जातात, हे त्यांनी ओळखले होते.

हाच विचार वॉट्स हम्फ्री यांनी सॉफ्टवेअरकडे वळवला. कार्नेगी मेलन विद्यापीठातील सॉफ्टवेअर अभियांत्रिकी संस्थेत त्यांनी कार्यपद्धतीच्या परिपक्वतेच्या पाच पायऱ्या मांडल्या. काम अनुभवी व्यक्तीच्या धावपळीवर निभावणे ही पहिली पायरी. मोजमापाच्या आधारे पद्धतीत सतत सुधारणा करणे ही पाचवी. भारतातील अनेक कंपन्यांनी ही सर्वोच्च पायरी गाठली, तर १९९८ मध्ये सुंदरम-क्लेटनच्या रूपाने डेमिंग पारितोषिकही भारतात आले.

मात्र प्रमाणपत्र भिंतीवर लागले म्हणून पेटीतले लाल मणी कमी होत नाहीत. मुदत आधी ठरवून काम मागाहून समजून घेणारी, चाचणी शेवटच्या आठवड्यावर ढकलणारी आणि दोष कळवणाऱ्यालाच धारेवर धरणारी संस्था डेमिंग यांच्या शिकवणीपासून दूरच राहते.

२० डिसेंबर १९९३ रोजी वॉशिंग्टन येथे, वयाच्या ९३व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच महिन्याच्या प्रारंभापर्यंत ते शिकवत होते.